क्लिकागणिक धसका

वासुदेवराव टोपल्यांना भीती वाटत नसे. त्यांना फक्त सावध राहावंसं वाटे. काशीतल्या रामघाटावरची माकडं चष्मे पळवतात म्हणून घराबाहेर पडताना ते चष्मा काढून खिशात घालीत, मग चाचपडत चालीत आणि कुठल्या ना कुठल्या गाईवर आदळत. गाईने शिंग उगारलं की "गोमातेचं दर्शन झालं" म्हणून वाट बदलीत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली सगळी नोकरी त्यांनी अशीच काढली. बेवारस पेटी दिसली की लांबूनच "पांडेजी, ज़रा देखिए तो" म्हणायचं आणि पांडेजींच्या मागे उभं राहायचं. याला ते अनुभव म्हणत.

एका भीतीला मात्र ते शास्त्र म्हणत. काशीत आयुष्य गेलेल्या माणसाने उतारवयात काशी सोडू नये, कारण देह कधी पडेल याचा नेम नाही आणि तो इथेच पडला पाहिजे. त्यांचा मुलगा अनिश हैदराबादला चौदाव्या मजल्यावर राहत होता आणि आईबाबांना कायमचं बोलावत होता. चौदाव्या मजल्यावर मेलेला माणूस वैकुंठाला जात नाही, लिफ्टमध्ये अडकतो, असं वासुदेवरावांचं मत होतं. ते कुठल्या पुराणात आहे हे कोणी विचारलं नाही, म्हणून बरं.

या वादात तोड काढली ती गीताबाईंनी. त्या म्हणाल्या, "आपण पुढच्या खोलीत खानावळ काढू. यात्रेकरूंना घरचं मराठी जेवण. दिवाळीपर्यंत चालली तर इथेच राहू. नाही चालली, तर मुकाट्याने हैदराबाद." अनिशने लगेच हो म्हटलं. वासुदेवरावांचा ऊर भरून आला. संकटकाळी बायको नवऱ्याच्या पाठीशी उभी राहते ती अशी, असं त्यांनी समोरच्या घरातल्या अंबिकाकाकूंना तीनदा सांगितलं.

खानावळ निघाली. गीताबाईंच्या हातच्या आमटीबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. अडचण एवढीच की ती खाणारं कोणी येत नव्हतं. रामघाटाच्या पायऱ्या चढून आलं की एक गल्ली लागते, ती संपली असं वाटतं तिथे ती वळते, आणि वळल्यावर जिथे कोणीही शहाणा माणूस परत फिरेल तिथून पुढे टोपल्यांचं घर. पाटी होती, पण पावसात रंग जाऊ नये म्हणून गीताबाईंनी ती आतल्या चौकात लावली होती. श्रावण गेला, गणपती गेले, आणि रोज उरलेला भात गल्लीतल्या गाई खात राहिल्या. गीताबाई शांत होत्या. "नाही आलं कोणी तर नाही आलं," त्या म्हणत. वासुदेवराव मात्र रात्री दचकून उठत आणि लिफ्टचं दार उघडत नसल्याची तक्रार करीत.

शेवटी न राहवून त्यांनी मुलालाच फोन केला.

"बाबा, त्या गल्लीत कोण येणार?" अनिश म्हणाला. "ऑनलाइन ॲड द्या ना. लोग सर्च करते हैं, तुमचं नाव सगळ्यात वर दिसतं, त्यांनी दाबलं की तुमचा नंबर. सिंपल है."

"आणि पैसे?"

"बघण्याचे नाही कटत. कोणी क्लिक केलं तरच कटतात."

दाबणार दुसरा आणि भुर्दंड आपल्याला, हा व्यवहार त्यांनी पार्सल ऑफिसातसुद्धा पाहिला नव्हता. पण डोळ्यांपुढे लिफ्ट होती. ते तयार झाले.

अशा कामाला मुहूर्त हवा, आणि मुहूर्त म्हटला की देवव्रत गुरुजी हवेत. गुरुजी शेजारच्या वेदपाठशाळेत शिकवीत. त्यांनी पंचांग पाहून सकाळची वेळ काढून दिली आणि स्वतः येऊन पाटावर बसले. कोऱ्या करकरीत फोनला गीताबाईंनी हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं चार्जिंगच्या भोकात गेलं, तो भाग वेगळा.

फोन प्रश्न विचारू लागला. धंद्याचं नाव काय, पत्ता काय, जेवायला काय मिळतं? श्री गीता भोजनगृह, रामघाट, घरचं पिठलं-भाकरी. जाहिरात कोणत्या गावात दाखवायची? वासुदेवरावांनी वाराणसी लिहिलं. जेवायचं काशीत, तर जाहिरात सोलापुरात कशाला? गुरुजींनी मान डोलावली. एका दिवसाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा? वासुदेवरावांनी एक आकडा टाकला, खोडला, निम्मा टाकला आणि घाम पुसला. मग फोनने विचारलं, लोक कोणते शब्द शोधत असतील तेव्हा तुमची जाहिरात दाखवायची? ते शब्द खालच्या चौकटीत एकाखाली एक लिहा.

समोर कोरी चौकट. आता मराठी माणसाने, त्यातून रामघाटावरच्या, कोऱ्या जागेत पहिली ओळ काय लिहावी? वाण्याच्या यादीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, एवढंच काय, बदलीच्या अर्जाच्या कच्च्या खर्ड्यावरसुद्धा वासुदेवरावांनी जे लिहिलं होतं, तेच त्यांनी इथे लिहिलं. ॥ श्री गणेशाय नमः ॥. त्याखाली श्री काशीविश्वेश्वर प्रसन्न. त्याखाली श्री कुलस्वामिनी प्रसन्न. गुरुजी म्हणाले, "संकठादेवी जवळ आहे, तिला वगळू नका." तीही आली. मग शेवटी, जागा उरली म्हणून, वरण, भात, आमटी, पिठलं. मंगलाचरण झाल्याच्या समाधानात दोघांनी चहा घेतला आणि जाहिरात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वासुदेवरावांनी एक डोळा किलकिला करून फोन पाहिला आणि दुसरा डोळा आपोआप उघडला. क्लिकांचा आकडा चढत होता. त्यांच्या देखत चढत होता. सूर्य वर यायच्या आतच दिवसाची मर्यादा संपून जाहिरात बंद पडली, आणि दुपारी, जेव्हा माणसाला भूक लागते, तेव्हा श्री गीता भोजनगृह गुडुप झोपलेलं होतं. जेवायला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

"गीता, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे," ते कुजबुजले.

वाईटावर कोणी नव्हतं. निदान अंबिकाकाकू तरी नव्हत्या. खिडकीतून त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी तर रोज पूजा झाली की तुमची ॲड दबवते. विसरत नाही हो. आमच्या सुनेलाही सांगितलंय, बहिणीलाही. तुमची भरभराट होऊ दे!" पाठशाळेतल्या मंडळींनाही गुरुजींनी हेच सांगून ठेवलं होतं. शेजाऱ्याच्या धंद्याला हात लावला की बरकत येते. काकू जमिनीला हात टेकवून कपाळाला लावत, तसाच भक्तिभावाने त्या फोनवर अंगठा टेकवत होत्या. आता, "काकू, तुमच्या प्रत्येक आशीर्वादाचे माझे पैसे कटतात," हे तोंडावर कसं सांगणार? वासुदेवराव "कृपा आहे तुमची" म्हणाले आणि आत येऊन पाणी प्याले.

पण काकूंचे आशीर्वाद म्हणजे दर्या में खसखस. खरा धसका पुढेच होता. फोन वाजू लागले.

"हेलो, मंगला आरती का टिकट मिल जाएगा?"

"नाही हो, यहाँ भोजन मिलता है."

"भोजन बाद में कर लेंगे. पहले दर्शन का बताइए. चार लोग हैं, माताजी चल नहीं पातीं."

पुढचा फोन संकठादेवीच्या नवसाचा. त्यापुढचा, गणेशाच्या कोणत्या मंत्राने नोकरी लागते याचा. एक बाई तर रडायलाच लागल्या. वासुदेवरावांनी त्यांना पाठ होतं ते संकटनाशन स्तोत्र म्हणून दाखवलं, त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला नंबर दिला. काशी विश्वेश्वराचं नाव शोधत नाही असा माणूस या शहरात पहाटे सापडणं कठीण, आणि त्या प्रत्येकाला भोलेनाथाच्या आधी वासुदेवराव टोपले दिसत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यातच जाहिरातवाल्या कंपनीच्या सल्लागाराचा फोन आला. गोड आवाजाचा मनुष्य. "सर, आपकी ॲड की परफ़ॉर्मेंस तो कमाल की है! बस बजट कम पड़ रहा है. थोड़ा बढ़ा दें?" वासुदेवरावांना आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं, नाही म्हटल्यावर समोरचा काय करील, याचा अंदाज घेण्यातच हो तोंडातून निघून जाई. मर्यादा वाढली. जाहिरात आता सूर्योदयानंतरही थोडा वेळ टिकू लागली, आणि फोन तेवढे वाढले.

रात्री त्यांनी अनिशला सगळं सांगितलं. पलीकडून नुसती फुसफुस ऐकू येऊ लागली. अनिश हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, कीवर्डमध्ये गणपती कोण टाकतं? ठीक आहे. टेन्शन मत लो. खाली अजून एक चौकट असेल, 'नको असलेले शब्द'. जे शब्द तिथे टाकाल, ते शोधणाऱ्याला तुमची ॲड दिसत नाही. तिथे टाका श्री गणेशाय नमः, काशी विश्वेश्वर, संकठादेवी. खत्म."

गणपती आणि विश्वेश्वर, 'नको असलेले' या मथळ्याखाली? स्वतःच्या हाताने? काशीत बसून?

सकाळी त्यांनी गुरुजींना गाठलं. गुरुजींनी आधी प्रश्न समजून घेतला, मग डोळे मिटले. "वासुदेवराव, देवाचं विसर्जन होतं, त्याला मंत्र आहे. 'पुनरागमनाय च' म्हणतो आपण. पण देवाला 'नको' म्हणण्याचा विधी मला तरी शिकवलेला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि विश्वेश्वर म्हणजे इथला राजा. त्याच्या नगरीत राहून त्यालाच नको म्हटलं आणि त्याने मनावर घेतलं, तर? तुम्हाला तर इथेच राहायचंय ना?"

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. खालच्या चौकटीत बोट न्यावं तर त्रिशूळ दिसे, वरच्या चौकटीतून देव काढावेत तर तेही 'हटवा' असंच बटण. जाहिरातच बंद करावी तर दिवाळी दोन आठवड्यांवर, आणि लिफ्टचं दार उघडंच. वासुदेवराव काहीच न करता बसून राहिले. फोन वाजत राहिले.

अंबिकाकाकूंनी मग शेवटचा घाव घातला. त्याही बिचाऱ्या काळजीनेच बोलल्या. "भाऊजी, ऐकलंत? दर्शनाच्या नावाखाली ऑनलाइन ठगणाऱ्यांची धरपकड चाललीये म्हणे. नंबर बघून उचलतात. तुमच्याकडे येतात ना दर्शनाचे फोन?"

वासुदेवरावांची पाचावर धारण बसली. दुपारभर ते पलंगावर पडून होते आणि आपला फोटो वर्तमानपत्रात कोणता छापतील याचा विचार करीत होते. पेन्शनच्या कागदांवरचा असला तर ते खरोखरच गुन्हेगार दिसत. गीताबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही एक रुपया तरी घेतलाय का कोणाचा? उगीच परेशान होता." पण निरपराध माणसालाच जास्त भीती वाटते, अपराध्याला निदान काय केलंय ते ठाऊक असतं. संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पकडले जाण्याआधी आपणच जाऊन सांगावं म्हणून ते पोलीस चौकीवर गेले.

टेबलामागच्या मुंशीजींनी मान वर न करता विचारलं, "क्या शिकायत है?"

"शिकायत नहीं है. मैं निर्दोष हूँ, यह लिखवाना है."

मुंशीजींनी मान वर केली. "किस केस में?"

"केस अभी हुआ नहीं है."

"तो पहले होने दीजिए," मुंशीजी समजुतीने म्हणाले. "बिना केस के निर्दोष का कोई कॉलम नहीं है." मग त्या घामाघूम म्हाताऱ्याकडे निरखून पाहत त्यांनी कागद ओढला. "वैसे नाम-पता और मोबाइल नंबर दे जाइए."

आजवर पोलिसांना ज्याचं नाव माहीत नव्हतं, त्या माणसाने ते स्वतःच्या तोंडाने, पिनकोडसकट सांगितलं. घरी येताना चष्मा खिशातच राहिला आणि वाटेत गाय कोणत्या रंगाची होती तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. वासुदेवरावांनी फटीतून पाहिलं. वर्दी. बूट. पट्टा. आणि त्या वर्दीत दारभर रुंद माणूस, हातात फोन धरून दारावरचं नाव वाचणारा.

दार गीताबाईंनी उघडलं. वासुदेवराव त्यांच्या पाठीमागून, डोळे मिटून, एका दमात बोलू लागले. "साहब, मैंने किसी से एक पैसा नहीं लिया. श्री गणेशाय नमः तो मंगलाचरण था. देवताओं को हटाना शास्त्र में नहीं है. सल्लागार बोला इसलिए बजट बढ़ाया. स्तोत्र सुनाया है, वह मुफ़्त था. मेरी पत्नी का कोई दोष नहीं है."

वर्दीवाला गोंधळून एकदा यांच्याकडे, एकदा गीताबाईंकडे बघत राहिला. मग अवघडून म्हणाला, "मामा, पिठलं-भाकरी मिळंल का?"

तो घोरपडे होता, साताऱ्याकडचा, मंदिराच्या बंदोबस्ताला आलेल्या केंद्रीय दलातला जवान. पहाटेची ड्यूटी संपली की फोनवर अथर्वशीर्ष लावून बसायची त्याची सवय. "आज गणपतीचं नाव टाकलं आन् वर तुमची जाहिरात आली बघा. पिठलं वाचलं आन् डोळ्यांत पाणीच आलं, मामी. पाच महिने झाले, नुसती पुरी-सब्जी अन् पुरी-सब्जी." तो पाटावर बसला आणि जेवला. इतका जेवला की गीताबाईंना पुन्हा पीठ मळावं लागलं. वासुदेवराव भिंतीला टेकून उभे होते. वर्दी जेवते आहे, पकडत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला भाकऱ्यांची अख्खी थप्पी जावी लागली.

रात्री घोरपडे आणखी दोघांना घेऊन आला. दोन दिवसांनी ते सहा झाले. या शहरात पहाटे उठून मराठी वळणाने गणपतीचं नाव घेणारे दुसरेही होतेच. विद्यापीठात शिकवायला आलेल्या मुक्ता मॅडम आल्या, लातूरहून बदली झालेले बँकेतले एक साहेब आले, रेल्वेच्या क्वार्टर्समधली दोन कुटुंबं आली. सगळ्यांनी जाहिरात पहाटेच पाहिलेली. दर्शनाचे फोन येतच होते. आता घोरपडे ते उचली आणि भारदस्त आवाजात दर्शनाच्या अधिकृत खिडकीचा पत्ता सांगे. पुढच्या खोलीत पंगत बसू लागली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तर दोन पंगती उठल्या, तिसरी बसली, आणि वासुदेवराव वाढताना गुणगुणत होते.

नेमका तेव्हाच अनिशचा व्हिडिओ कॉल आला. "मान गए, बाबा. तुम्ही जिंकलात. राहा मजेत काशीत."

वासुदेवराव फोन घेऊन नाचतच स्वयंपाकघरात गेले. "गीता, ऐकलंस? हैदराबाद गेलं! चालली आपली खानावळ!"

गीताबाई तव्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी भाकरी उलटली आणि पदराने डोळे पुसले. वासुदेवरावांना वाटलं, आनंदाश्रू.

"मी ती चालावी म्हणून काढली नव्हती," त्या म्हणाल्या.

"मग?"

"बंद पडावी म्हणून. सरळ 'चला' म्हटलं असतं तर तुम्ही शास्त्र काढलं असतंत. म्हटलं, दिवाळीपर्यंत माशा मारू, मग तुम्हालाच पटेल. या गल्लीत कोण कुत्रं येतंय जेवायला, असं वाटलं होतं मला." त्यांनी गॅस बारीक केला. "अनिशची इरावती तीन वर्षांची झाली. तिला वाटतं आजी म्हणजे फोनमध्ये राहणारी बाई. परवा मला म्हणाली, आजी, तू चार्जिंगला कधी लागतेस?"

पुढच्या खोलीतून घोरपडेने आवाज दिला, "मामी, पिठलं येऊ द्या!"

"तुम्ही राहा," गीताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमची मुक्ती मला मोडायची नाही. मी खरंच रागावून बोलत नाहीये. पण मी जाणार."

वासुदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ही बाई आपल्या शेजारी निजत होती, आपल्या स्वप्नातली लिफ्टची तक्रार ऐकत होती, "पाणी हवंय का" विचारत होती, आणि तिला काय हवंय ते आपण एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. आणि मग, उद्यापासून हे घर तिच्याशिवाय कसं दिसेल ते डोळ्यांपुढे आलं, तसा त्यांनी ओट्याचा काठ घट्ट धरला. पोलीस, यम, माकडं, कोणाच्याही नावाने त्यांना असं झालं नव्हतं.

फोनमधून अनिशचा आवाज आला, "आई? मी ऐकतोय. तिकीट बघू का तुझं?"

"दोन बघ," वासुदेवराव म्हणाले.

"बाबा? तुम्ही काशी सोडणार?"

"काशी कुठे जात नाहीये रे. तुझी आई चाललीये." त्यांचा आवाज थरथरत होता आणि ते तो लपवत नव्हते. "मला एकट्याला भीती वाटते."

गीताबाईंनी भाकरी तशीच तव्यावर ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, बाजूला पालथा ठेवला, आणि पिठल्याचं पातेलं त्यांच्या हातात दिलं. "आधी हे वाढून या," त्या म्हणाल्या. "मुलं खोळंबलीयेत."